रोजची ‘पित्ताची गोळी’ म्हणजे इलाज नव्हे. पोटातली जुनी सूज कशामुळे होते, बरी कशी करायची?

डिंगोरे (ता. जुन्नर) : उन्हाळी कांद्याची काढणी सुरू झाली की डिंगोरे, उदापूर, ओतूर या पट्ट्यात मेडिकलच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते. “अंगदुखीची द्या, अन् सोबत पित्ताची पण.” कागदाच्या पुडीत दोन गोळ्या मिळतात. दिवसभर वाकून कांदा काढायचा, संध्याकाळी कंबर धरते, म्हणून एक गोळी. त्या गोळीने पोटात जळजळतं, म्हणून दुसरी. काढणी संपते, पण पुडी काही सुटत नाही. पुढे टोमॅटोचा तोडा येतो, मग सोयाबीन, मग ऊस. वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस सांगतो, “मला जुनं पित्त आहे.”

या ‘जुन्या पित्ता’मागे बऱ्याचदा जठराच्या आतल्या अस्तराची सूज असते. डॉक्टर तिला जठरदाह किंवा गॅस्ट्रायटिस म्हणतात. ती महिनोन् महिने टिकली की क्रॉनिक गॅस्ट्रायटिस. ही सूज बहुतेक वेळा आटोक्यात येते, काही कारणांत पूर्ण बरीही होते. मात्र त्यासाठी ती कशामुळे झाली हे शोधावे लागते. नुसती आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे खात राहिले तर जळजळ दबते आणि कारण आत तसेच राहते.

पोटात नेमके होते काय?

जठरात अन्न पचवण्यासाठी तीव्र आम्ल तयार होते. ते इतके जहाल असते की जठराची स्वतःची भिंतसुद्धा त्यातून सुटणार नाही. म्हणून निसर्गाने आतून चिकट पदार्थाचा जाड थर दिला आहे. विहिरीला आतून सिमेंटचा गिलावा असावा तसा. हा गिलावा सतत नवा होत राहतो, आणि तो टिकवण्याचे काम शरीरातली काही रसायने करतात. गिलावा कमजोर झाला की आम्ल भिंतीपर्यंत पोचते, भिंत सुजते, कधी तिथे जखम होते. त्या जखमेला अल्सर म्हणतात.

त्रास प्रत्येकाचा वेगळा. कुणाला बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, कुणाला चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे, कुणाला मळमळ, ढेकर, तोंडाला पाणी. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सूज असूनही काहीच त्रास न होणारे लोक भरपूर आहेत. उलट रोज जळजळ होते पण दुर्बीण घातली तर जठर अगदी स्वच्छ, असेही पुष्कळ. म्हणजे जळजळ किती होते यावरून आतली सूज किती हे ठरत नाही. ‘मला गॅस्ट्रायटिस आहे’ हे लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तपासावा लागतो.

पहिला आरोपी : एक जंतू

फार वर्षे डॉक्टरही समजत होते की अल्सर आणि जठराची सूज काळजीने, तिखटाने, जागरणाने होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी सुजलेल्या जठरातून मळसूत्रासारखा वळलेला एक जंतू वेगळा काढला. इतक्या आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून कुणी विश्वास ठेवेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठर सुजलेले आढळले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, रिपोर्टवर थोडक्यात ‘एच. पायलोरी’.

जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असल्याचे मानले जाते. भारतात प्रमाण जास्तच. तो बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून येतो. लाळ, उलटी, विष्ठा, न धुतलेले हात, दूषित पाणी ही त्याची वाट. बाळाला स्वतःच्या तोंडात चावून घास भरवण्याची जुनी पद्धत एवढ्यासाठी तरी सोडलेली बरी.

जंतू असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. थोड्या लोकांना अल्सर होतो, आणि फार थोड्यांना अनेक वर्षांनी जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगकारक ठरवले. हे वाचून घाबरायचे कारण नाही. जंतू इतका पसरलेला असूनही आपल्याकडे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. देशात ते सर्वाधिक मिझोरमसारख्या ईशान्येकडच्या भागात दिसते.

दुसरा आरोपी : अंगदुखीची गोळी

जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी घरांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा, कारण हा आरोपी आपणच घरात आणतो.

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, ॲस्पिरिन या गोळ्या दुखणे कमी करतात ते शरीरातली काही रसायने थांबवून. अडचण अशी की जठराचा तो गिलावा टिकवणारी रसायनेही तीच. गोळीने कंबर थांबते आणि त्याच वेळी पोटाचा गिलावा उतरतो. पाच-सात दिवस घेतली तर धडधाकट माणसाला सहसा मोठे नुकसान होत नाही. महिनोन् महिने रोज, किंवा दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकत्र, किंवा साठीच्या पुढे, किंवा आधी अल्सर झालेला असताना घेतली तर मात्र जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. कधी कधी तो आधी जळजळ न होताच होतो. गोळीने दुखणे दबलेले असते, त्यामुळे पोटाचे दुखणेही कळत नाही.

“मी गोळी खात नाही, सुई घेतो. पोटाला त्रास नको.” हे वाक्य पारावर हमखास ऐकू येते. ते चुकीचे आहे. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन रक्तातून जाऊन जठरातली तीच रसायने थांबवते. गोळी पोटात पडली काय किंवा सुई दंडात टोचली काय, रोज घेतली तर गिलावा दोन्हीने उतरतो. गोळी ‘जेवून घेतली’ म्हणजे धोका टळला असेही नाही.

पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावावी. अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक एकत्र असते. नुसते पॅरासिटामॉल पोटाला बरेच सुरक्षित. ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसात चारपेक्षा जास्त नको. दारू पिणाऱ्याने आणि यकृताचा आजार असणाऱ्याने तीही विचारूनच. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने दोन दिवसांत ‘चमत्कार’ होतो, साखर वाढते, आणि पेनकिलरसोबत घेतले तर अल्सरचा धोका आणखी वाढतो.

इथे एक अपवाद ठळकपणे लक्षात ठेवावा. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्यासाठी दिलेली कमी ताकदीची ॲस्पिरिन पोटात जळजळतं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. तसे केल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. जळजळ होत असेल तर त्याच डॉक्टरांना सांगावे, ते सोबत पोट सांभाळणारी गोळी देतात.

बाकीची कारणे थोडक्यात. दारू अस्तराला थेट भाजते. तंबाखूने अल्सर भरून यायला वेळ लागतो, आणि तंबाखू म्हटल्यावर आपल्याकडे मिशरी कुणी मोजत नाही. सकाळी उपाशीपोटी अर्धा तास मिशरी लावणाऱ्या बाईच्या पोटात तंबाखूची लाळ जातेच. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले की ‘नाही’ असे उत्तर मिळते. मिशरीचे वेगळे सांगायला हवे. याशिवाय काही जणांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती जठराच्या पेशींवर उलटते. त्या प्रकारात जळजळ फारशी नसते, पण बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही. थकवा, जीभ सोलल्यासारखी, तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे ही त्याची खूण.

तिखट, चहा, दूध आणि उपवास

तिखटाला उगाच बदनाम केले आहे. ठेचा किंवा मासवडीचा झणझणीत रस्सा यामुळे जठरदाह किंवा अल्सर होत नाही. आधीच सुजलेल्या पोटात मात्र तिखट झोंबते, म्हणून सूज उतरेपर्यंत कमी करावे. ज्याला झोंबत नाही त्याने आयुष्यभर सपक खायची गरज नाही. प्रत्येकाने आपल्याला काय बाधते ते पंधरा दिवस वहीत लिहून काढावे. डॉक्टरांच्या छापील पथ्याच्या कागदापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

कोरा चहा दिवसात सहा-सात वेळा आणि न्याहारी अकराला, हा रानातल्या कामाचा नेहमीचा क्रम. चहाने आम्ल वाढते आणि पोटात ते झेलायला काही नसते. पहाटे चहाआधी अर्धी भाकरी किंवा दोन घास काहीही खाल्ले तरी पुष्कळांचा त्रास कमी होतो. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत. रात्री दारे धरायला जाणाऱ्यांना हे जमत नाही हे खरे. त्यांनी जेवण हलके ठेवून परत आल्यावर लगेच आडवे होणे टाळावे.

थंड दूध प्याले की पाच-दहा मिनिटे बरे वाटते. पण दुधाने पुढे आम्ल जास्त सुटते. तात्पुरता उतारा म्हणून ठीक, औषध म्हणून नाही. सोडा, फसफसणारी चूर्णे यांचेही तसेच. त्यात मीठ-सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी ती रोज घेऊ नयेत. एकादशी, नवरात्र धरणाऱ्यांनी उपवास सोडायची गरज नाही, परंतु दिवसभर चहावर राहून संध्याकाळी तेलकट साबुदाणा वडे खाणे म्हणजे पोटाची परीक्षाच. राजगिरा, वरई, ताक, केळी थोडी थोडी घेता येतात. अल्सरवर उपचार सुरू असताना मात्र कडक उपवास नकोच, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

तपासणी कधी, कोणती?

तरुण माणूस, नुकताच सुरू झालेला त्रास, धोक्याची खूण नाही. अशा वेळी डॉक्टर अनेकदा दुर्बीण न करता आधी काही आठवडे औषध देतात किंवा जंतूची तपासणी करतात. ते बरोबरच आहे.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरी बसू नये. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. काही न करता वजन उतरणे. घास गिळताना अडकणे. सारखी उलटी. रक्त कमी निघणे. किंवा वयाच्या पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे. या सगळ्यांत दुर्बीण लागते, आणि रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, पण ती चिकट नसते. शंका आली तर दाखवलेले बरे.

आणखी एक, यात माणसे दगावतात. छातीत जळजळ किंवा दाब, सोबत दरदरून घाम, धाप, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणे, हे ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन झोपायचे लक्षण नाही. साखर किंवा रक्तदाब असलेल्यांत आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या पोटातल्या जळजळीसारखाही येतो. लगेच १०८ ला फोन करून जिथे ईसीजी निघेल तिथे पोचावे. ईसीजी नीट आला तर पित्ताची गोळी नंतर घेता येते.

दुर्बिणीची लोकांना फार भीती. प्रत्यक्षात सहा ते आठ तास उपाशी राहायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि बारीक नळी पाच-दहा मिनिटे आत राहते. तुकडा काढला तरी तो काढल्याचे कळत नाही. त्यातला एक तुकडा युरियाच्या द्रवात ठेवतात. जंतू असेल तर द्रवाचा रंग पिवळ्याचा गुलाबी होतो. दुर्बीण न करता श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतूनही जंतू कळतो. रक्ताच्या तपासणीत मात्र जंतू आता आहे की पूर्वी होऊन गेला हे समजत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. तपासणीआधी आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि कोणतीही अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. बंद कधी करायची हे डॉक्टरांना विचारूनच.

उपचार : चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस

जंतू सापडला तर दोन-तीन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा १४ दिवस. हल्ली बिस्मथ असलेल्या चार औषधांच्या उपचाराकडे कल वाढला आहे, कारण जुनी औषधे जंतूला पचू लागली आहेत. हे आपणच करून ठेवले आहे. हगवण लागली की दोन मेट्रोनिडाझोल, सर्दी झाली की तीन दिवस कुठलीतरी अँटिबायोटिक, असे वर्षानुवर्षे चालल्यावर जंतू शिकतात.

या काळात तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळ होते, बिस्मथने जीभ आणि शौच काळी पडते. ते औषध थांबले की जाते. मेट्रोनिडाझोल सुरू असताना दारूचा थेंबही नको. सहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून कोर्स सोडला तर उरलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का, ही तपासणी करायची असते. बहुतेक जण नेमकी हीच तपासणी चुकवतात.

कारण पेनकिलर असेल तर पेनकिलर थांबवणे हाच मुख्य उपचार. सोबत काही आठवडे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांपैकी एखादी गोळी. ही गोळी कशी घ्यायची यातही चूक होते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, बहुधा सकाळी न्याहारीआधी घ्यायची. जेवणानंतर घेतली तर गुण कमी. या गोळ्या वाईट नाहीत. ज्यांना पेनकिलर किंवा ॲस्पिरिन घ्यावीच लागते, त्यांना त्या दीर्घकाळही देतात. पण कारणाशिवाय वर्षानुवर्षे घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका थोडा वाढतो. माळकरी घरांत आहारातून बी-१२ आधीच कमी मिळते, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिनही सुरू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावे. पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन असलेली जोडगोळी तर रोजची नव्हेच. डोम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात.

बरीच वर्षे घेतलेली गोळी एकदम सोडली की काही आठवडे जळजळ उसळू शकते. माणसाला वाटते, ‘बघा, गोळीशिवाय जमत नाही.’ ते आजार परतल्याचे लक्षण नसते, दाबून ठेवलेले आम्ल उसळलेले असते. म्हणून डॉक्टर एक दिवसाआड, मग गरजेपुरती, अशी ती उतरवतात. जुनी ओळखीची रॅनिटिडीन ही गोळी सप्टेंबर २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळली गेली. तिचे जुने पाकीट घरात पडले असेल तर आधी विचारून घ्यावे.

दुर्बिणीच्या रिपोर्टवर ‘ॲट्रोफी’ किंवा ‘इंटेस्टायनल मेटाप्लेशिया’ असे शब्द असतील तर अस्तर झिजल्याचे किंवा बदलल्याचे ते चिन्ह. तो कर्करोग नव्हे. झीज जास्त पसरलेली असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगतात. ती तारीख विसरू नये.

जायचे कुठे, न्यायचे काय?

सुरुवात जवळच्या उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. पुढे जुन्नर व नारायणगावची ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. दुर्बिणीसाठी अनेकांना खासगीत किंवा पुण्याला ससूनला जावे लागते. तिथे जाण्याआधी स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी घेतली तर एक फेरी वाचते. लिहून दिलेली औषधे जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या नावाने बरीच स्वस्त मिळतात.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. अंगदुखीची, पित्ताची, गुडघ्याची पुडी, साखरेची, सगळी. ‘लाल गोळी’, ‘पांढरी गोळी’ सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. मिशरी, तंबाखू, दारू किती, हेही न लाजता सांगावे, आणि नातेवाईक समोर असल्याने सांगता येत नसेल तर त्यांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगावे.